लवकर कळणे म्हणजे वाचणे नव्हे

‘कर्करोग लवकर कळला तर बरा होतो.’ हे वाक्य आरोग्य शिक्षणाच्या धड्यांत असते, दवाखान्याच्या भिंतीवर असते, फेब्रुवारीत कर्करोग दिनाला निघणाऱ्या प्रभातफेरीतल्या फलकांवरही असते. वर्गात आपणही ते अनेकदा सांगितलेले असते. वाक्य खोटे नाही. पण ते इतके सैल आहे की त्याच्या आडून खऱ्याबरोबर खोटेही खपते. ज्या बाईला तपासणीची खरोखर गरज आहे तिच्यापर्यंत ती पोचत नाही, आणि ज्याला गरज नाही त्याला मात्र ‘संपूर्ण शरीर तपासणी’च्या नावाखाली ती विकली जाते. दोन्हीकडे घोषणा हीच असते. म्हणून हे वाक्य एकदा नीट तपासून पाहणे आवश्यक आहे.

पहिली गोष्ट अशी, की या एका वाक्यात दोन वेगळी विधाने मिसळलेली आहेत. तोंडात न भरणारी जखम आहे, स्तनात गाठ लागते आहे, पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त जाते आहे, अशी लक्षणे दिसताच डॉक्टरकडे जावे, महिनोन्‌महिने अंगावर काढू नये, हे पहिले विधान. याबद्दल फारसा वाद नाही. दुसरे विधान असे, की ज्याला काहीही त्रास नाही अशा धडधाकट माणसाचीही तपासणी करून दडलेला कर्करोग शोधून काढावा. याला चाळणी तपासणी किंवा रूढ शब्दात ‘स्क्रीनिंग’ म्हणतात. पहिल्या प्रकारात रोगी डॉक्टरकडे येतो. दुसऱ्या प्रकारात डॉक्टर निरोगी माणसाच्या दारी जातो. जो स्वतःहून निरोगी माणसाच्या दारी जातो, त्याने आपल्यामुळे त्या माणसाचे भले होईल याचा पुरावा आधी हातात ठेवला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ साली चाळणी तपासणीचे जे निकष मांडले, त्यांच्या मुळाशी हीच जबाबदारी आहे.

‘पाच वर्षे जगले’ या आकड्याची गंमत

पुरावा म्हणून बहुतेक वेळा एक आकडा पुढे केला जातो. निदानानंतर पाच वर्षे जगलेल्या रुग्णांचे प्रमाण. तपासणीत सापडलेल्यांमध्ये हे प्रमाण जास्त, लक्षणे घेऊन आलेल्यांमध्ये कमी. मग तपासणीने जीव वाचले, असा निष्कर्ष. हा निष्कर्ष निघतो का? फळ्यावर एक साधे उदाहरण मांडून पाहा.

समजा एका गृहस्थांना ६७ व्या वर्षी लक्षणे दिसू लागली, निदान झाले आणि ७० व्या वर्षी ते वारले. निदानानंतर ते ३ वर्षे जगले. आता त्याच गृहस्थांची ६३ व्या वर्षी तपासणी झाली असती, तेव्हाच रोग कळला असता, पण उपचारांचा काहीच उपयोग न होता ते ७० व्या वर्षीच वारले असते, तर? निदानानंतर ते ७ वर्षे जगले असे नोंदले गेले असते. अशी शंभर माणसे घेतली तर ‘पाच वर्षे जगलेल्यांचे प्रमाण’ शून्यावरून थेट शंभर टक्क्यांवर जाते, आणि आयुष्य मात्र कोणाचेही एक दिवसानेसुद्धा वाढलेले नसते. वाढले ते फक्त ‘रोगी’ म्हणून जगण्याचे दिवस. घड्याळ लवकर सुरू केले एवढेच.

हा प्रश्न नुसता फळ्यावरचा नाही. २००७ साली अमेरिकेतील राजकारणी रुडी जुलियानी यांनी प्रचारात सांगितले, की प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग झालेले अमेरिकेत ८२ टक्के लोक वाचतात, तर इंग्लंडच्या सरकारी आरोग्यव्यवस्थेत ४४ टक्केच. प्रत्यक्षात लोकसंख्येच्या मानाने या कर्करोगाने होणारे मृत्यू दोन्ही देशांत जवळजवळ सारखे होते. अमेरिकेत रक्ताची तपासणी करून निदान फार आधी आणि फार जणांत होत होते, म्हणून टक्केवारी फुगली होती.

राजकारणी चुकला तर नवल नाही. पण २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अमेरिकेतल्या ४१२ डॉक्टरांना दोन काल्पनिक तपासण्या दाखवण्यात आल्या. पहिलीने पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ६८ वरून ९९ टक्के होते. दुसरीने कर्करोगाचे मृत्यू हजारी २ वरून १.६ वर येतात. पहिल्या तपासणीची शिफारस नक्की करू असे ६९ टक्के डॉक्टर म्हणाले, दुसरीची फक्त २३ टक्के. जीव वाचल्याचा पुरावा दुसऱ्या आकड्यात आहे, पहिल्यात नाही. म्हणजे ही चूक शिकलेल्यांतही चांगलीच मुरलेली आहे.

एसटी थांब्यावरचा नमुना

दुसरी फसगत समजायला एसटीचा थांबा उपयोगी पडतो. दिवसभरात थांब्यावर दहा जलद गाड्या येतात, प्रत्येक पाच मिनिटे थांबते. दहा साध्या गाड्या येतात, प्रत्येक अर्धा तास थांबते. तुम्ही कोणत्याही वेळी अचानक थांब्यावर डोकावलात, तर कोणती गाडी उभी दिसण्याची शक्यता जास्त? अर्थातच साधी. जलद गाड्या तितक्याच असूनही त्या तुमच्या नजरेतून निसटतात.

चाळणी तपासणी ही असेच डोकावणे आहे. जे कर्करोग सावकाश वाढतात ते लक्षणांशिवाय वर्षानुवर्षे शरीरात बसून असतात. ते तपासणीत सापडतात. जे झपाट्याने वाढतात ते दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उद्भवून लक्षणेच घेऊन येतात. साहजिकच तपासणीत सापडलेल्या गटात सौम्य रोगांची भरती जास्त होते. त्या गटाचे चांगले दिसण्याचे श्रेय मग तपासणीला मिळते. खरे श्रेय मुळातल्या सौम्यपणाचे असते.

याच विचाराच्या टोकाला गेलो की तिसरी आणि सर्वांत गंभीर अडचण येते. काही कर्करोग इतके सावकाश वाढतात, किंवा वाढतच नाहीत, की त्यांनी त्या माणसाला जन्मभर काही त्रास दिला नसता. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र तो कर्करोगच दिसतो. असा रोग शोधून काढला की निरोगी माणूस रुग्ण होतो आणि शस्त्रक्रियेला सामोरा जातो. याला अतिनिदान म्हणता येईल. व्यक्तीपुरते पाहिले तर ते कधीच सिद्ध करता येत नाही. ज्याचे निदान आणि उपचार झाले तो म्हणणारच, ‘तपासणीने मला वाचवले.’ अतिनिदान दिसते ते साऱ्या लोकसंख्येच्या आकड्यांत.

दक्षिण कोरियात ते अगदी स्पष्ट दिसले. १९९९ पासून तिथे काही कर्करोगांसाठी सरकारी तपासणी कार्यक्रम सुरू झाला. थायरॉइड ग्रंथी त्यात नव्हती. पण आलेल्या माणसाची थोडे जास्त पैसे घेऊन मानेचीही सोनोग्राफी करण्याची पद्धत पडली. २०११ साली थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण १९९३ च्या पंधरा पट झाले. खरोखरच रोगाची साथ आली असती तर मृत्यू वाढले असते. तपासणीने जीव वाचत असते तर मृत्यू घटले असते. मृत्यूंचा आकडा जागचा हलला नाही. ग्रंथी मात्र हजारोंच्या काढल्या गेल्या. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे ११ टक्क्यांच्या शेजारच्या पॅराथायरॉइड ग्रंथींचे काम बिघडून कॅल्शियमचा तोल ढळला, आणि सुमारे २ टक्क्यांच्या स्वरतंतूंना पक्षाघात झाला. २०१४ मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी याविरुद्ध आवाज उठवला. पुढच्या वर्षभरात या शस्त्रक्रिया सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झाल्या.

जपानचा अनुभव तर लहान बाळांचा आहे. न्यूरोब्लास्टोमा या बालकर्करोगासाठी तिथे सहा महिन्यांच्या बाळांची लघवी तपासण्याचा देशव्यापी कार्यक्रम १९८० च्या दशकात सुरू झाला. सापडणारी बाळे वाढली. २००२ मध्ये कॅनडातील क्वेबेक आणि जर्मनी येथील अभ्यासांचे निष्कर्ष आले, आणि या तपासणीने मृत्यू कमी होत नाहीत हे कळले. तान्ह्या बाळांतील या गाठींपैकी अनेक आपोआप विरून जातात. तपासणीत सापडत होत्या त्या बहुतांशी याच. जपानने २००४ मध्ये कार्यक्रम थांबवला. चालू असलेला, लोकप्रिय कार्यक्रम पुरावा पाहून बंद करणे ही सोपी गोष्ट नाही. तिची नोंद घ्यायला हवी.

मग पुरावा कशाला म्हणायचे?

इथपर्यंत वाचून ‘मग तपासणी नकोच’ असा निष्कर्ष कोणी काढेल, तर तोही तितकाच चुकीचा ठरेल. पुरावा कसा मिळवायचा याचे उत्तम उदाहरण आपल्याच राज्यात आहे.

उस्मानाबाद जिल्ह्यात (२०२३ पासून धाराशिव) १९९९ मध्ये एक मोठा अभ्यास सुरू झाला. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील लिआँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचा तो संयुक्त प्रयत्न होता. बार्शीचे नाव यात येण्याला कारण आहे. ग्रामीण भागातील कर्करोगांची नोंदणी तिथे १९८७ पासूनच होत होती. कोणाला रोग झाला, कोण वारले याची विश्वासार्ह वही असल्याशिवाय असा अभ्यास करताच येत नाही.

प्रश्न असा होता: गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तीनपैकी कोणती तपासणी खरोखर मृत्यू टाळते? पहिली, पॅप तपासणी; यात गर्भाशयमुखाच्या पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. दुसरी, व्हिनेगर तपासणी; यात गर्भाशयमुखाला पातळ ॲसिटिक आम्ल लावतात आणि तिथे पांढरा डाग उमटतो का ते नुसत्या डोळ्यांनी पाहतात. तिसरी, एचपीव्ही तपासणी. या कर्करोगाला कारणीभूत असलेल्या विषाणूचा डीएनए यात शोधतात. (या विषाणूचा आणि कर्करोगाचा संबंध दाखवल्याबद्दल हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.)

३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया अभ्यासात होत्या. गावांचे ५२ समूह करून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यादृच्छिक पद्धतीने चार गट पाडले. तीन गटांना एकेक तपासणी, तीही आयुष्यात एकदाच, देऊ केली गेली. चौथ्या गटाला नेहमीप्रमाणे उपलब्ध असलेली सेवा. चिठ्ठ्या का? तपासणीला आपणहून येणारी बाई बहुधा थोडी शिकलेली, थोडी सुस्थितीतली, प्रकृतीची काळजी घेणारी असते. ती जास्त जगली तर ते तपासणीमुळे की परिस्थितीमुळे, हे सांगता येत नाही. चिठ्ठीने गट पाडले की हा फरक सर्व गटांत सारखा वाटला जातो. शिवाय मोजायचे ते गटातल्या सर्व स्त्रियांमागे झालेले मृत्यू, ‘रुग्णांपैकी किती जगले’ हे नव्हे. घड्याळ कधी सुरू झाले याने मृत्यूच्या मोजणीत फरक पडत नाही.

आठ वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ते विद्यार्थ्यांकडून मांडून घेण्यासारखे आहेत.

एचपीव्ही गट: ३४,१२६ स्त्रिया, १२७ कर्करोग, ३४ मृत्यू.
पॅप गट: ३२,०५८ स्त्रिया, १५२ कर्करोग, ५४ मृत्यू.
व्हिनेगर गट: ३४,०७४ स्त्रिया, १५७ कर्करोग, ५६ मृत्यू.
तपासणी नसलेला गट: ३१,४८८ स्त्रिया, ११८ कर्करोग, ६४ मृत्यू.

दर दहा हजार स्त्रियांमागे मृत्यू काढा. तपासणी नसलेल्या गटात सुमारे २०, एचपीव्ही गटात १०, मधल्या दोन गटांत १६ ते १७. एचपीव्ही गटात मृत्यू जवळजवळ निम्मे. मधल्या दोन गटांतली घट मात्र इतकी लहान होती, की ती केवळ योगायोगाने आली नसेल असे संख्याशास्त्राच्या कसोटीवर म्हणता आले नाही.

आता ‘किती कर्करोग सापडले’ हा स्तंभ पाहा. सर्वांत जास्त सापडले ते व्हिनेगर गटात. एखाद्या शिबिराच्या अहवालात हाच गट पहिला आला असता! पण सर्वांत कमी मृत्यू झाले ते एचपीव्ही गटात, जिथे कर्करोगांचे प्रमाण तपासणी नसलेल्या गटाइतकेच होते. फरक कुठे पडला? पुढच्या टप्प्याला गेलेले रोग एचपीव्ही गटात ३९ होते आणि तपासणी नसलेल्या गटात ८२. म्हणजे ‘किती शोधले’ या आकड्यावरून ‘किती वाचवले’ हे कळत नाही. ही एक ओळ विद्यार्थ्यांच्या लक्षात राहिली तरी या अभ्यासाचे शैक्षणिक चीज झाले.

गर्भाशयमुखाच्या बाबतीत तपासणी इतकी गुणकारी का ठरते, याला जीवशास्त्रीय कारण आहे. विषाणूच्या दीर्घ संसर्गापासून प्रत्यक्ष कर्करोगापर्यंतचा प्रवास सहसा दहा-वीस वर्षांचा असतो. मधल्या काळात कर्करोगपूर्व बदल दिसतात आणि ते साध्या उपचाराने, गोठवून किंवा जाळून, काढून टाकता येतात. म्हणजे इथे तपासणी कर्करोग नुसता लवकर पकडत नाही, तो होण्याआधीच अडवते. अशी सोय प्रत्येक अवयवाच्या बाबतीत नाही. सर्व कर्करोगांना एकच घोषणा लावणे अवैज्ञानिक आहे ते याचसाठी.

या अभ्यासावरचा आक्षेप

या संशोधनाचे कौतुक करताना त्यावरचा गंभीर आक्षेप झाकून ठेवणे योग्य होणार नाही. पॅप तपासणीने पाश्चात्त्य देशांत या कर्करोगाचे मृत्यू कमी झाल्याचे अनेक दशके माहीत होते. असे असताना हजारो स्त्रियांचा गट तपासणीविना ठेवून त्यांचे मृत्यू मोजणे नीतीला धरून आहे का? भारतातल्या अशा अभ्यासांबद्दल हा प्रश्न अमेरिकी डॉक्टर एरिक सुबा यांनी २०१४ मध्ये मुंबईहून निघणाऱ्या ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये मांडला. संशोधकांची बाजू अशी, की तपासणी नसणे हीच त्या वेळी देशातल्या बहुतेक स्त्रियांची नेहमीची स्थिती होती, आणि आपल्या परिस्थितीत कोणती पद्धत चालते हे ठाऊक नव्हते. पॅप तपासणी त्या गावांत खरोखर फारशी चालली नाही, हे वरच्या आकड्यांतूनही दिसते. पण ‘नेहमीची स्थिती’ ही निसर्गाने दिलेली नव्हती. आरोग्यसेवेच्या अभावाने ती निर्माण झाली होती. त्या अभावाचाच प्रयोगाला आधार करून घेणे अस्वस्थ करणारे आहे. माझ्या मते या ऋणाची फेड एकाच मार्गाने होऊ शकते: जे ज्ञान त्या ६४ मृत्यूंच्या मोजणीतून मिळाले, ते त्या प्रकारच्या गावांत प्रत्यक्ष वापरात यावे.

ते आले का? केंद्र सरकारने २०१६ मध्ये तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांसाठी ३० वर्षांवरील लोकांच्या तपासणीची कार्यपद्धती जाहीर केली. गर्भाशयमुखासाठी निवड झाली ती दर पाच वर्षांनी व्हिनेगर तपासणीची. ती स्वस्त आहे, प्रयोगशाळा लागत नाही, निकाल तिथल्या तिथे मिळतो. ही कारणे वजनदार आहेत. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा केंद्राने प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून दर दोन वर्षांनी चार वेळा हीच तपासणी करवली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचेही २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. तमिळनाडूच्या दिंडिगल जिल्ह्यात एकाच फेरीने ३५ टक्के घट दिसली. तिथे बहुतेकींना गोठवण्याचा उपचार लगेच मिळाला होता. म्हणजे व्हिनेगर तपासणी कुचकामी नाही. पण तिचे यश पाहणाऱ्याच्या प्रशिक्षणावर, देखरेखीवर आणि लगोलग उपचारावर अवलंबून आहे. कार्यक्रमात नेमके तेच दुवे कच्चे राहिले, तर हाती उरेल ते उस्मानाबादच्या व्हिनेगर गटासारखे: शोध भरपूर, बचाव थोडा.

प्रत्यक्षात गाडी तिथवरही पोचली नव्हती. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या होत्या १.९ टक्के, स्तनांची आणि तोंडाची तपासणी झालेल्या एक टक्क्याहूनही कमी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ठेवलेले उद्दिष्ट ७० टक्क्यांचे आहे, आणि २०२१ पासून तिची पहिली पसंती एचपीव्ही तपासणीलाच आहे. त्या पसंतीमागे जो पुरावा उभा आहे, त्यात उस्मानाबादच्या स्त्रियांचा वाटा मोठा आहे.

दुसऱ्या टोकाची दुकानदारी

याच देशात दुसरे टोकही आहे. शहरांतल्या प्रयोगशाळा ‘कर्करोग तपासणी’ म्हणून रक्तातल्या निरनिराळ्या खुणांचे संच धडधाकट माणसांना विकतात. वाढदिवसाला भेट म्हणूनही ते दिले जातात. यांतल्या बहुतेक खुणा उपचार चालू असलेल्या रुग्णाची प्रगती पाहण्यासाठी उपयोगी आहेत. निरोगी माणसात रोग शोधायला त्या चालतात का, हा अगदी वेगळा प्रश्न आहे.

बीजगणितही लागणार नाही असे एक गणित वर्गात घ्या. दहा हजार निरोगी दिसणारी माणसे आहेत. त्यांपैकी २० जणांत रोग दडलेला आहे. तपासणी चांगलीच आहे असे धरू: रोग्यांपैकी ९० टक्के पकडते आणि निरोगी माणसांपैकी ९५ टक्क्यांना बरोबर ‘निरोगी’ म्हणते. मग २० पैकी १८ सापडतील. उरलेल्या ९,९८० पैकी ५ टक्के, म्हणजे ४९९ जणांना खोटा इशारा मिळेल. एकूण ५१७ घाबरलेल्या माणसांत खरे रोगी १८, म्हणजे साडेतीन टक्के. बाकीच्यांच्या वाट्याला स्कॅन, सुईने तुकडा काढणे, खर्च आणि रात्री न लागणारी झोप. ‘९० टक्के अचूक’ हे जाहिरातीतले शब्द खोटे नाहीत. पण ते या प्रश्नाचे उत्तर नाहीत.

आणि खरोखर सापडलेल्या १८ जणांचे तरी भले होते का? बीजांडकोशाच्या कर्करोगासाठी ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे दीर्घकालीन निष्कर्ष २०२१ मध्ये आले. दरवर्षी रक्त तपासून आणि गरजेप्रमाणे सोनोग्राफी करून रोग खरोखरच लवकरच्या टप्प्यात जास्त सापडला. मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. ‘लवकर’ आणि ‘वाचले’ या दोन शब्दांमधली दरी याहून स्पष्ट दिसणार नाही.

मधल्या छटाही आहेत, त्या विसरू नयेत. मुंबईत १९९८ पासून प्रशिक्षित सेविकांनी हाताने स्तन तपासण्याचा जो अभ्यास वीस वर्षे चालला, त्यात पन्नाशीपुढच्या स्त्रियांचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्यांना तसा लाभ दिसला नाही. केरळात तिरुवनंतपुरमच्या अभ्यासात तोंडाच्या नुसत्या डोळ्यांनी केलेल्या तपासणीने मृत्यू घटले ते तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये. याचा अर्थ एकच तपासणी एका वयाला उपयोगी आणि दुसऱ्या वयाला निरुपयोगी, एका सवयीच्या माणसाला गरजेची आणि दुसऱ्याला अनावश्यक असू शकते. गुटखा खाणाऱ्या गड्याचे तोंड बॅटरीच्या उजेडात पाहायला काही हजारांचे यंत्र लागत नाही.

वर्गात काय सांगावे?

घोषणा खोडून टाकण्याची गरज नाही. ती पूर्ण करण्याची गरज आहे. लक्षणे दिसली तर वेळ न दवडता जा, हे ठासून सांगावेच. बार्शी भागात केवळ लोकशिक्षणाने स्त्रिया लवकर येऊ लागल्याचे नोंदीतून दिसले आहे. पण त्रास नसताना कोणी तपासणी सुचवली, तर तीन प्रश्न विचारायला विद्यार्थ्यांना शिकवावे. या तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू कमी झाल्याचे चिठ्ठीने पाडलेल्या गटांवर दिसले आहे का? माझ्या वयाच्या आणि सवयींच्या माणसांत दिसले आहे का? आणि काही सापडले तर पुढची तपासणी व उपचार कुठे, कोणाकडून, किती दिवसांत मिळणार?

तिसरा प्रश्न सर्वांत साधा वाटतो. शिबिरांच्या गर्दीत तोच विचारायचा राहून जातो. शिबिरात किती स्त्रिया तपासल्या हा आकडा वर्तमानपत्रात येतो. ज्यांच्यात दोष सापडला त्यांपैकी कितींचा उपचार पुरा झाला, हा आकडा येत नाही. तपासणी ही साखळीची पहिली कडी आहे. पुढच्या कड्या नसतील तर आपण त्या बाईला औषध दिले नाही, फक्त काळजी दिली.

आई, मावशी, आत्या या तिशी ते पन्नाशीच्या दरम्यानच्या स्त्रिया प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरी आहेत, आणि राष्ट्रीय पाहणीतला १.९ टक्के हा आकडा त्यांच्याबद्दलचा आहे. तालुक्याच्या रुग्णालयात गर्भाशयमुखाची तपासणी कोणत्या वारी होते, कोणत्या पद्धतीने होते आणि दोष सापडल्यास पुढे कुठे पाठवतात, एवढे विचारून येण्याचे काम नववी-दहावीच्या मुलामुलींच्या गटाला देता येईल. उत्तर मिळाले तर ते घरोघरी पोचेल. मिळाले नाही, तर प्रश्न ग्रामसभेत विचारता येईल.